अर्धेसाहेब

दगडावर कोरलेला 'मितभाषी' हा शब्द मी वाचला आणि मला चहाचा असा ठसका लागला, की कमांडंटसाहेबांच्या शिपायाला धावत येऊन माझी पाठ चोळावी लागली.

मितभाषी म्हणे! आणि कोण, तर हा! अहो, ज्याचं तोंड मास्क बांधल्यावरसुद्धा बंद झालं नाही, पेशंटचं पोट उघडं असताना दिवे गेले तर जो अंधारात नुसता बडबड करून सगळ्यांना जागच्या जागी उभं ठेवायचा, त्या माणसाला जाऊन महिना उलटतो न उलटतो तोच तुम्ही मितभाषी करून टाकलंत? मेलेल्याला उलटून बोलता येत नाही म्हणून काहीही खपवायचं का?

"कसा वाटला मजकूर, सर?" कमांडंटनी विचारलं. हे नवे कमांडंट. तरुण, कडक इस्त्रीचे, पण स्वभावानं गरीब. लष्करी हॉस्पिटलच्या मोठ्या ऑपरेशन थिएटरला आमच्या ह्या दिवंगत सर्जनचं नाव द्यायचं, दाराशी दगड बसवायचा आणि छोटासा समारंभ करायचा, हे त्यांनीच मनावर घेतलं होतं. त्यांनी त्याच्याबरोबर एक दिवसही काम केलेलं नव्हतं, तेव्हा त्यांना तरी काय बोलणार?

"नाव बरोबर आहे, हुद्दा बरोबर आहे," मी म्हणालो. "खालचं हे 'शांत, मितभाषी शल्यचिकित्सक' कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"

"सर, आम्ही मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, ते फारसे बोलायचे नाहीत."

मॅडम म्हणजे आमच्या वहिनी, सर्जनची बायको. आता बायकोनंच सांगितल्यावर पुढे बोलायची सोय राहिली नाही. डोकं मात्र सणकलंच.

मी कोण ते सांगायचं राहिलं. मी भूल देणारा डॉक्टर. तो कापायचा, मी झोपवायचो. नोकरीतली बहुतेक वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली. कधी तंबूत, कधी रिकाम्या करून घेतलेल्या शाळेत, आणि शेवटी शेवटी ह्या पक्क्या हॉस्पिटलात. तो मला 'अंगाई' म्हणायचा. "काय अंगाई, झोपला का तुझा?" मानेच्या वरचा पेशंट माझा आणि खालचा त्याचा, अशी वाटणी होती, बिघडलं तर चूक मात्र कायम मानेच्या वरची. रक्त जास्त गेलं तरी माझं चुकलं, कात्री बोथट निघाली तरी माझंच चुकलं. हात सोन्याचा होता लेकाचा. हे त्याच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर आठवडाभर तेच ऐकवलं असतं त्यानं.

तर त्याची एक पद्धत होती. जखमी जवानाला टेबलावर घेतलं की हा हात धुवायला जाण्याआधी त्याच्या डोक्याशी येऊन उभा राहायचा, मास्क न लावता. म्हणायचा, "जो आपल्याला कापणार आहे त्याचं थोबाड माणसाला बघायला मिळालं पाहिजे." आणि मग गोष्ट सुरू करायचा. "एक बाई होती बरं का. भयंकर तापट. एके दिवशी काय झालं..." पोरगं आधी बावचळायचं. पोटात गोळीचा तुकडा, समोर हा, आणि गोष्ट कसली तर बाईची. पण हळूहळू त्याचे डोळे ह्याच्या तोंडाला चिकटायचे. मी सुई टोचून पिचकारी धरून तयार. गोष्ट ऐन रंगात आली की हा डावी भुवई उडवायचा. तो माझा इशारा. मी पिचकारी दाबायची. "आणि बाईनं दार उघडलं, तर दारात कोण—" एवढं कानावर पडेपर्यंत पोरगं गाढ. हा त्याच्या कानाशी वाकून सांगायचा, "उरलेली जागा झाल्यावर," आणि हात धुवायला चालता व्हायचा.

त्याचं म्हणणं, ज्याला पुढे काय झालं ते ऐकायचं असतं तो परत येतोच. मी म्हणायचो, "बाबा रे, तो माझ्या औषधाच्या मापामुळे परत येतो." तर म्हणायचा, "तेही आहेच म्हणा." असं, जणू माझ्यावर उपकार.

पण खोटं का बोलू, वॉर्डात पोरं जागी व्हायची ती पाणी मागायच्या आधी, पाय आहे की गेला ते विचारायच्या आधी पुटपुटायची, "मग त्या बाईनं काय केलं?" ऑपरेशनं आटोपली की हा खाटेखाटेपाशी बसून उरलेलं सांगत सुटायचा. म्हणून सगळी पलटण त्याला 'अर्धेसाहेब' म्हणायची. जे जागे झाले नाहीत त्यांची गोष्ट तो पुन्हा दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. त्याबद्दल कुणी त्याला विचारायचं नाही, असं आम्ही आपसांत न बोलता ठरवून टाकलं होतं.

आता माझी पंचाईत ऐका. गोष्टीचा दुसरा अर्धा वॉर्डात, आणि मी त्या वेळी पुढच्या पेशंटच्या उशाशी! अख्खी नोकरी मी पहिले अर्धेच ऐकले. एकदा हात जोडून म्हटलं, "अरे, त्या बाईनं शेवटी काय केलं ते सांग तरी." तर म्हणे, "तुला कुठं कापलंय? आधी पोट कापून घे, मग सांगतो." असा माणूस. मितभाषी!

आणि ती बाई. गोष्ट कुठलीही असो, बाई तीच. दुधात पाणी दिसलं म्हणून दूधवाल्याला ते सगळं दूध तिथंच उभं राहून प्यायला लावणारी, चिखलाचे बूट घालून आलेल्या जनरलला उंबऱ्यावरून परत पाठवणारी. ही बाई म्हणजे आमच्या मेट्रनबाई, अशी अख्ख्या हॉस्पिटलची खात्री होती. मेट्रननी खरोखरच एकदा एका कर्नलला वॉर्डाबाहेर काढलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. खुद्द मेट्रनचीही तीच समजूत. वरवर फणकारायच्या, पण गोष्टीचा दुसरा अर्धा सुरू झाला की औषधांचं कपाट आवरायचं निमित्त काढून वॉर्डातच घुटमळायच्या. वहिनींचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. वहिनी म्हणजे गरीब गाय. पार्टीत ताठ बसायच्या, मोजकं हसायच्या, "भाऊजी, घ्या ना अजून" एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बाहेरच्या खोलीत त्याची खुर्ची तशीच होती. त्याच खुर्चीत, जेवणानंतर तोंडावर पेपर पांघरून तो गेला. रोजच तसा झोपायचा, त्यामुळे गेलाय हे चहाच्या वेळेपर्यंत घरात कुणाला कळलं नाही. वहिनी त्याचे शर्ट कुणाला तरी द्यायचे म्हणून इस्त्री करत उभ्या होत्या.

"वहिनी, ते मितभाषी तुम्ही सांगितलंत?"

"मग काय सांगू? गप्पिष्ट?" शर्टाची बाही उलटत त्या म्हणाल्या. "भाऊजी, हे घरी यायचे, बूट काढायचे, पेपर उघडायचे आणि त्याच्यामागे नाहीसे व्हायचे. आज काय झालं विचारलं तर 'काही नाही'. जेवण कसं झालंय, तर 'हं'. मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर 'बरं'. मी तर भिंतीशी बोलायला शिकले. भिंत निदान पेपर वाचत नाही."

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच घात झाला. "काय सांगता वहिनी! तिकडे तर ह्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. गोष्टीवर गोष्टी! जवान जागे झाले की आधी—"

इस्त्री थांबली. "गोष्टी?"

आता जीभ चावून काय उपयोग? सांगितलं सगळं. भुवई, पिचकारी, अर्धी गोष्ट. बाईचा भाग मात्र गिळून टाकला. नवऱ्यानं जन्मभर सांगितलेल्या एकूणएक गोष्टींत एक बाई होती आणि ती मेट्रन होती, हे गरम इस्त्री हातात असलेल्या विधवेला सांगायला मी काय खुळा आहे?

वहिनींची इस्त्री शर्टावर तशीच टेकलेली होती. मग म्हणाल्या, "म्हणजे बोलता येत होतं त्यांना."

"वहिनी..."

"नाही, इतकी वर्षं मी मनाची समजूत घातली, की माणूसच अबोल आहे. कुणाचा नवरा ठेंगणा असतो, कुणाचा घोरतो, आपला बोलत नाही. झालं! आणि आज तुम्ही सांगता, माणूस चांगला बोलका होता, फक्त माझ्याशी नव्हता!" त्यांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "सगळं तिकडे उधळून यायचे आणि घरी उरलेलं 'हं' आणायचे. मग मी संसार कुणाबरोबर केला, भाऊजी? सांगा ना. कोण होता तो माणूस?"

शर्टातून धूर यायला लागला. मीच पुढे होऊन इस्त्री उचलली. कॉलर गेली होती.

"मी सांगतो एखादी गोष्ट," मी म्हटलं. "मला अर्धीच येते, पण—"

"नको. उष्टं नको मला." त्यांनी जळका शर्ट चुरगळून कोपऱ्यात फेकला. "आणि समारंभालाही मी येणार नाही. दगड बसवा नाहीतर डोंगर बसवा."

मी शेपूट घालून घरी आलो. बोलून बसलो होतो. तो असता तर म्हणाला असता, अंगाई, तू माणसं झोपवायचं काम कर, जागी करायला जाऊ नकोस.

समारंभाच्या सकाळी वहिनींचा फोन आला. "गाडी पाठवा म्हणावं त्यांना. येते मी. बघू तरी, कोण कोण आहेत ते, ज्यांच्यासाठी ह्यांच्याकडे शब्द होते."

झालं, माझी पाचावर धारण बसली. आता तिथं कुणी तोंड उघडलं, बाईची गोष्ट निघाली आणि पहिल्या रांगेत मेट्रन लाजून बसल्या, की वहिनींचं काय होईल? नवरा बोलत नव्हता इथपर्यंत ठीक होतं. नवरा दुसऱ्या बाईबद्दल बोलत होता, हे घेऊन त्या घरी जाणार? मी तातडीनं मेट्रनना फोन लावला. त्या निवृत्त होऊन भावाकडे राहत होत्या. म्हटलं, "मेट्रन, तब्येत बरी नसेल तर नाही आलात तरी चालेल हं."

"माझी तब्येत ठणठणीत आहे," मेट्रन म्हणाल्या. "आणि मी पुढच्या रांगेत बसणार आहे. तेवढा माझा हक्क आहे." आणि फोन ठेवला.

समारंभ व्यायामोपचाराच्या खोलीत होता, कारण तीच सगळ्यांत मोठी. चालायला शिकायचे दांडे भिंतीशी सरकवले होते, वजनं कोपऱ्यात चादरीखाली झाकली होती, आणि माइक सुरू झाला की कुंई करून ओरडत होता. खुर्च्या कमी पडल्या. कुठून कुठून आले होते सगळे! कुणी काठी टेकत, कुणी लाकडी पायावर, कुणी एक बाही खिशात खोचून. पुढच्या रांगेत माझ्या शेजारी वहिनी, त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून मेट्रन. मेट्रननी केस रंगवून घेतले होते. मी मनात म्हटलं, संपलं.

कमांडंट बोलायला उभे राहिले. शिक्षण, नेमणुका, पदकं, सगळं नीट झालं. मग टेबलावर आणून ठेवलेल्या दगडावरचा कपडा ओढला आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "शांत, मितभाषी शल्यचिकित्सक."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. मग ती अख्खी खोली जी फुटली! लाकडी पायवाले पाय आपटत होते, एकानं तर दांड्याला धरून स्वतःला सावरलं. कमांडंट बिचारे दगडाकडे बघायला लागले, स्पेलिंग चुकलं की काय म्हणून.

वहिनी उठून मागे वळल्या. "काय झालं हसायला?"

दुसऱ्या रांगेतला एक लठ्ठ माणूस कसाबसा उभा राहिला. आमच्या मेसचा जुना आचारी. "माफ करा, बाईसाहेब. तुमचा अपमान नाही. पण आमचे साहेब आणि मितभाषी? माझं पोट फाडायच्या आधी मला गोष्ट सांगितली त्यांनी. इथं सगळ्यांनाच सांगितलीय."

"कोणती?" वहिनी म्हणाल्या.

मी डोळे मिटून घेतले.

"एक बाई होती," आचाऱ्यानं सुरू केलं, "भयंकर तापट. तिला सायकल शिकायची होती. नवरा मागं धरून पळतोय, पळतोय, आणि त्यानं गुपचूप हात सोडला. बाई बरीच लांब गेली. मग तिनं मागं वळून बघितलं, तर नवरा तिकडं लांब उभा राहून टाळ्या वाजवतोय! बाईचं डोकं असं फिरलं, की... आणि मग मी झोपलो. जागा झाल्यावर साहेबांनी सांगितलं, बाई गटारात पडली."

"गटारात?" एक बाही खोचलेला ओरडला. "काहीतरीच काय! ती थेट परेडमध्ये घुसली. अख्खी प्लॅटून रस्त्याच्या कडेला! मला स्वतः साहेबांनी सांगितलंय."

"ह्या! ती तशीच माहेरी गेली सायकलवरून," तिसरा म्हणाला, आणि तिघांची चांगलीच जुंपली. मेट्रनच्या कपाळावर मात्र आठी पडली होती. त्यांना सायकल येत नाही हे मला तेव्हा आठवलं.

"सायकल शेजारणीची होती," वहिनी म्हणाल्या.

तिघेही थांबले.

"आणि मी गटारात पडले नाही. मैदानाला वळसा घालून मागून आले आणि ह्यांच्या अंगावर घातली. अजून टाळ्याच वाजवत होते. घोटा एवढा सुजला ह्यांचा."

"म्हणजे?" मी ताडकन उठलो. "मला तर बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांगितलं होतं! किती दिवस स्टुलावर बसून ऑपरेशनं केली ह्यानं, आणि मी रोज ते स्टूल पुसून ठेवायचो!"

मग जो काही गोंधळ उडाला तो विचारू नका. जो तो उठून आपापली अर्धी गोष्ट पुढे करायला लागला, आणि वहिनी तिथंच उभ्या राहून शेवट सांगत होत्या. दूधवाल्यानं दूध प्यायलं का? अर्धं प्यायला, मग मलाच कीव आली. जनरल खरंच परत गेले? गेले कसले, बूट काढून अनवाणी आत आले, आणि मोज्याला भोक होतं म्हणून पाय खुर्चीखाली लपवून बसले. लोक हसून हसून बेजार. वहिनी लालबुंद झाल्या होत्या. "अहो, हेसुद्धा सांगितलं? हेसुद्धा? अब्रूचं खोबरं केलं की हो माझ्या!" गरीब गाय म्हणे. आम्ही सगळे आंधळे होतो. तिच्याच हातचं खाऊन, तिच्याच घरी बसून आंधळे.

"एक मिनिट," मेट्रन उभ्या राहिल्या. "म्हणजे ती मी नव्हते?"

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. रंगवलेले केस बघितले. मला वाटलं, आता बसते एक थप्पड. पण वहिनींनी मधली रिकामी खुर्ची ओलांडून त्यांचा हात धरला. "एखादीत असाल हो तुम्हीही."

"एखादीत कशाला," मेट्रन नाक ओढत म्हणाल्या, "मी तर सगळ्याच धरून बसले होते." आणि दोघी एकमेकींना धरून हसल्या.

माझा जीव भांड्यात पडला. पण वहिनी बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं होतं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "गंमत आहे ना, भाऊजी? गोष्टी माझ्या, आणि ऐकवल्या ह्या सगळ्यांना. मला काय, माझंच मला कशाला सांगतील? बोलायचे ते शेवटी इथंच." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या भिंतीशी, दांड्यांपाशी उभा असलेला एक जण बोलला. वाळका, पिकलेला माणूस. लष्करात ट्रक चालवायचा तो. एक पाय कृत्रिम. आवाज इतका बारीक की पुढचे लोक मागे वळले.

"माझी पण एक आहे, बाईसाहेब. पण मला शेवट मिळालाच नाही."

"विचारा ना," वहिनी म्हणाल्या.

"बाईनं नवऱ्याला बजावलं होतं, आज दुपारी घरी पाहिजेच. तो आला दिवेलागणीला. दार बंद. त्यानं कडी वाजवली. बाई आतून म्हणाली, 'मालक घरात नाहीत. येणार आहेत असं सकाळपासून ऐकतेय.'" थोडे लोक हसले. तो हसला नाही. "मग तो माणूस पायरीवर बसला. एवढं साहेब बोलले आणि ह्या भूलवाल्या डॉक्टरांनी मला झोपवलं. जागा झालो तो दुसऱ्याच हॉस्पिटलात. गुंगीतच विमानात घालून पुढं पाठवलं होतं मला. साहेब पुन्हा भेटले नाहीत. इथं ज्याला त्याला शेवट मिळाला, खरा नाहीतर खोटा. माझा माणूस अजून पायरीवरच बसलाय. गाडी चालवताना पुष्कळदा मनात यायचं. बाईनं दार उघडलं का हो?"

वहिनी उठल्या, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"नाही उघडलं."

वहिनी त्या ड्रायव्हरकडेच बघून सांगत होत्या.

"माझी आई यायची होती त्या दिवशी. आमचं घर बघायला, पहिल्यांदाच. वाट बघून बघून ती निघून गेली, आणि मग हे उगवले. मी आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून खाली बसले. म्हटलं, माफी मागू देत, मग बघू. ते बाहेर पायरीवर. बराच वेळ काही नाही. मग बोलायला लागले. दाराशी तोंड आणून, हळू. त्या दिवशी एक पोरगा त्यांच्या टेबलावर गेला होता. कुठला होता, कसा आला, काय काय विचारत होता, कुठली शीर ह्यांना वेळेत सापडली नाही... सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता रडत होते."

तो पोरगा मला आठवला. मी त्याच्या डोक्याशी होतो. त्या दिवसाबद्दल हा माझ्याशीसुद्धा कधी एक अक्षर बोलला नव्हता, आणि मला त्या क्षणी, एवढ्या माणसांत, त्याचा इतका राग आला आणि इतकी आठवण आली की मी चष्मा काढून पुसत बसलो.

"आणि तरी तुम्ही उघडलं नाहीत?" ड्रायव्हरनं विचारलं.

"कसं उघडू?" वहिनी म्हणाल्या. "उघडलं असतं तर गप्प झाले असते."

ड्रायव्हरनं मान हलवली.

"सगळं सांगून झाल्यावर उघडलं. आत आले, हात धुतले, पेपर घेतला. पुन्हा तो विषय नाही. मला वाटलं, विसरले. इतकी वर्षं मी हेच धरून चालले, की विसरले." वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"त्यांना ठाऊक होतं का, तुम्ही दारामागंच बसलाय ते?" ड्रायव्हरनं अगदी हळू विचारलं.

"माझ्या शालीचं टोक दाराखालून बाहेर गेलं होतं," वहिनी म्हणाल्या. "बोलणं संपेपर्यंत ते हातात धरून बसले होते."